हाकेच्या आधीची ओ

१

ऑफिसात त्याला सगळे ‘उपट्या’ म्हणत. त्याला राग येत नसे, कारण कामच तसं होतं. जगातले बाकीचे लोक यंत्र चालू राहावं म्हणून धडपडतात; हा भला माणूस चांगल्या चालत्या यंत्रातला बोर्ड उपटायचा आणि पुढे काय होतं ते बघत उभा राहायचा. बावीस वर्षं हेच. त्यामुळे हात इतका बसलेला की खिट्ट्या कधी सोडल्या आणि बोर्ड कधी बाहेर आला हे शेजारच्यालाही कळू नये.

सध्याचं यंत्र होतं संकटात लोक जिथे फोन करतात त्या केंद्रासाठीचं. कुठे आग लागली, कुणी जिन्यावरून पडलं, की तो फोन ह्या यंत्राच्या कपाटातून जाणार. असला फोन मध्येच तुटून कसं चालेल? म्हणून आत सगळं दुहेरी. डावा बोर्ड आणि उजवा बोर्ड, दोघं एकच काम एकाच वेळी करणार, पण बाहेर आवाज जाणार एकाचा. तो मेला की दुसऱ्यानं त्याचं वाक्य तिथून पुढे उचलायचं. पास होण्याचा नियम एकच: बाहेरच्याला कळता कामा नये.

तपासणी अशी. हजारो खोटे फोन सोडायचे, त्यातला एक भिंतीवरच्या स्पीकरवर लावायचा, आणि डावा उपटायचा. खोट्या फोनवर एक माणूस आकडे मोजत असे, एकपासून शंभरपर्यंत, मग पुन्हा एक. हा आवाज उपट्याचाच. बारा वर्षांपूर्वी ऐन सर्दीत रेकॉर्ड केलेला, त्यामुळे त्रेसष्टनंतर नाक ओढल्याचं स्पष्ट ऐकू यायचं. नवे लोक हसायचे. समोर संगणकाच्या पडद्याशी आकडेबाई बसायची आणि खंड सांगायची. खंड म्हणजे डावा गप्प झाल्यापासून उजवा बोलू लागेपर्यंतचा वेळ. अकरा मिलिसेकंद, बारा मिलिसेकंद, असा. वीसच्या पुढे गेला की नापास.

त्या सोमवारी त्यानं बोर्ड उपटला आणि आकडेबाई काही बोलेचना.

‘बाई, झोपलात काय?’

‘उणे चार,’ ती म्हणाली.

‘काय उणे चार?’

‘खंड. तू उपटायच्या आधी चार मिलिसेकंद उजव्यानं काम घेतलंय.’

‘घड्याळं जुळली नसतील दोघांची.’

‘सकाळीच जुळवलीत.’

‘मग परत जुळवा. माझा हात हलायच्या आधी कळायला तो काय ज्योतिषी लागून गेलाय?’

दोघंही हसले. तिनं घड्याळं परत जुळवली आणि त्यानं परत उपटला. उणे चार.

२

घरी त्याला ‘थोरल्या’ म्हणत. म्हणजे बाबा म्हणत. दुसरं म्हणायला घरात होतं कोण? बाबांची नजर सहा वर्षांपूर्वी पार गेली. आतल्या खोलीत खाटेवर बसून ते हाक मारायचे, ‘थोरल्या!’ आणि हा असेल तिथून ओरडायचा, ‘ओ, आलो बाबा!’ त्यांची आंघोळ, त्यांच्या गोळ्या, त्यांचा पेपर, सगळं ह्याच्यावर. लग्न राहिलं. बढतीवर दुसऱ्या शहरात बोलावलं होतं, ते राहिलं. त्याबद्दल तो कुरकुरला नाही. कुरकुर दुसऱ्याच गोष्टीची होती.

रोज संध्याकाळी तोंड पुसून झालं की बाबा विचारायचे, ‘धाकट्याचा फोन?’

अकरा वर्षं! धाकटा परदेशात जाऊन बसला, वर्षातून दोनदा फोन करणार, त्यातही अर्धा वेळ आवाज नीट येत नाही म्हणणार. आणि म्हाताऱ्याचा जीव तिकडे. हा समोर पाय दाबत बसलेला असताना ते तिकडच्या हवेची चौकशी करायचे. बाबांनी पोरांत कायम डावं-उजवं केलं, हे सगळ्या नातेवाइकांना माहीत होतं. डावा कोण, हे सांगायची गरज नव्हती.

दोन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी, सकाळी पावणेअकराच्या सुमाराला, दाराची बेल वाजली. धाकटा. एक सुटकेस, खांदे पडलेले.

‘दादा, धंदा बसला,’ तो जिन्यावरच म्हणाला. ‘बाबांना इतक्यात सांगू नकोस. असा हात हलवत आलोय हे नको कळायला. थोडं बस्तान बसू दे.’

तेवढ्यात आतून हाक आली. हा तोंड उघडणार तोच धाकटा चपला काढता काढता म्हणाला, ‘ओ, आलो बाबा!’ लहानपणापासून दोघांचा आवाज असा सारखा की फोनवर सख्खी आत्यासुद्धा फसायची. आत बाबांना काही कळलं नाही. त्यांनी पाणी मागितलं, धाकट्यानं दिलं.

खोटं कशाला बोला, थोरल्याच्या पोटात तेव्हाच दुखलं. पण त्यात एक गंमतही होती. ज्याच्यासाठी अकरा वर्षं झुरले तो वीतभर अंतरावर उभा राहून पेला धरतोय आणि म्हाताऱ्याला पत्ता नाही! ही गंमत त्याला चाखायची होती. म्हणून तो ‘बरं’ म्हणाला.

उणे चारच्या त्या सोमवारी तो घरी आला तेव्हा बाबा एकटेच खाटेवर बसले होते, चेहरा टवटवीत.

‘थोरल्या, हल्ली तू बदललास रे.’

‘म्हणजे?’

‘दुपारी पेपर काय सुरेख वाचलास! पूर्वी नुसता उरकायचास. आता बोलतोस कसा मायेनं.’

दुपारी तो ऑफिसात कपाटासमोर उभा होता. अकरा वर्षं मरमर करून जे कौतुक मिळालं नाही ते मिळालं, त्याच्याच नावानं मिळालं, आणि तरी ते त्याचं नव्हतं. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

३

आठवडाभर खंड वाढत गेला. उणे चाळीस. उणे नऊशे. गुरुवारी पूर्ण दोन सेकंद. त्यांनी घड्याळ बदललं, वायर बदलली, बोर्डसुद्धा नवा घातला. फरक नाही.

उपट्याला आकड्यापेक्षा आवाज जास्त खटकला. स्पीकरवर त्याचाच आवाज मोजत होता, एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट. मध्ये नाक ओढलं गेलं नाही.

त्यानं पुढचं शंभर ऐकलं, त्याच्या पुढचं ऐकलं. रेकॉर्डिंग तेच होतं, त्याला कोणी हात लावलेला नव्हता. पण उजव्याच्या तोंडून येताना त्यात सर्दी नव्हती. आकडे कसे सावकाश, समजावून सांगितल्यासारखे येत होते.

‘आज आवाज छान येतोय, नाही?’ आकडेबाई म्हणाली. ‘तुझ्यासारखा वाटतो, पण बरा वाटतो.’

आता सहज बोलली हो बाई. पण ते ह्याला असं झोंबलं की तो कपाटाच्या मागच्या बाजूला गेला आणि उगाच पंखे तपासत बसला. एका बोर्डावर जळायचं म्हणजे हसण्यासारखंच, पण तो जळत होता.

मग डावा परत घालायचा. हेही तपासणीतच येतं. परत घातलेला बोर्ड लगेच कामाला लागत नाही. आधी तो आपल्याजवळचं सगळं पुसतो आणि चालू बोर्डाकडून नव्यानं उतरवून घेतो. खरं कुणाचं, हा वादच तिथे नाही. जो चालू आहे तो खरा. परत आलेल्यानं आपलं काही वेगळं काढलं की यंत्र त्याला आत घेत नाही, लाल दिवा लावून नुसतं ताटकळत ठेवतं. हे त्यानंच नव्या लोकांना शंभरदा शिकवलं होतं. त्या दिवशी डाव्याचा दिवा हिरवा व्हायची वाट बघताना त्याला पहिल्यांदाच त्या बोर्डाची दया आली.

४

रविवारी तो घरी होता. स्वयंपाकघरात ओट्याशी उभा राहून चहा गाळत होता. धाकटा बाहेर बोळात कपड्यांना इस्त्री करत होता. थोरल्याला पाठमोरा दिसत होता.

‘ओ, आलो बाबा!’ धाकटा म्हणाला आणि इस्त्री उभी केली.

मग आतून आवाज आला, ‘थोरल्या!’

थोरल्याचा हात गाळणीवरच थांबला. क्रम चुकला होता. आपण आधीची हाक ऐकली नसेल, बाबा हळू बोलले असतील, पातेल्याच्या आवाजात गेलं असेल. त्यानं स्वतःला अशी चार कारणं दिली आणि चारही त्याला पटली. तरी तो हाडाचा तपासनीस. चहा तसाच टाकून तो पाटावर बसला, मनगटावरचं घड्याळ समोर धरलं आणि दुपारपर्यंत तिथून हलला नाही.

हाका सात झाल्या. पाच वेळा ओ आधी आली. पहिल्यांदा डोळा लवेल इतकी आधी. शेवटच्या वेळी धाकटा ‘ओ’ म्हणाला, इस्त्री बंद केली, हात पुसले, आत गेला, आणि मग खोलीतून हाक आली. हाकेत घाईसुद्धा नव्हती.

जेवताना त्यानं सरळच विचारलं. ‘तुला कसं कळतं रे?’

‘काय?’

‘बाबा हाक मारणार ते.’

धाकट्यानं वर पाहिलं. त्याच्या अंगात थोरल्याचा राखाडी शर्ट होता. माझे धुवायला टाकलेत म्हणून सकाळी मागून घेतलेला. ‘त्यांना काही हवं असलं की कळतंच की, दादा. तुला कळायचं नाही?’ तो अगदी साधेपणानं म्हणाला. ‘मग अकरा वर्षं केलंस काय?’

थोरल्यानं ताट बाजूला सारलं. मारामारी करावी असं त्याला वाटलं, आणि त्याहून वाईट म्हणजे, धाकटा खरं बोलतोय असंही वाटलं.

५

आता दुसरा एखादा बाबांसमोर जाऊन उभा राहिला असता. बाबा, हा बघा तुमचा लाडका, महिनाभर तुम्हाला फसवतोय, असं ओरडला असता आणि मोकळा झाला असता. थोरल्यानं तसं केलं नाही. सांगितलं असतं तर बाबांच्या आनंदाला पारावार राहिला नसता, आणि तो आनंद ह्याला बघवला नसता. शिवाय बावीस वर्षांची सवय. एखाद्याची जागा किती पक्की आहे ते कसं बघतात? त्याला उपटून.

‘कामासाठी तीन दिवस बाहेर जातोय,’ त्यानं बुधवारी सकाळी धाकट्याला सांगितलं आणि बॅग घेऊन ऑफिसच्या पाहुण्यांच्या खोलीत मुक्काम ठोकला. त्याची अपेक्षा तरी किती होती? बाबांनी एकदा, फक्त एकदा म्हणावं, आज तू वेगळा वाटतोस. तेवढ्यावर त्यानं सगळी अकरा वर्षं माफ केली असती.

त्यानं बुधवारी दुपारी धाकट्याला फोन केला. ‘काही म्हणाले का?’

‘कशाबद्दल?’

‘माझ्याबद्दल रे.’

‘म्हणाले का म्हणून काय विचारतोस? तू इथेच आहेस ना त्यांच्या लेखी.’

गुरुवारी फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. शुक्रवारी बाराच्या सुमाराला त्यानं बाबांच्या उशाशी असलेल्या फोनवर लावला. पलीकडे बराच वेळ चाचपडल्याचा आवाज आला.

‘हॅलो? कोण?’

‘बाबा, मी. थोरला.’

पलीकडे एक बारीक आवाज येत होता. कट्. थोडं थांबून पुन्हा, कट्.

‘कोण आहात हो तुम्ही?’ बाबा म्हणाले. चिडले नव्हते, जरा घाबरले होते. ‘अशी चेष्टा करू नये म्हाताऱ्या माणसाची. थोरला माझी नखं कापतोय.’

कट्.

फोन ठेवला गेला. त्यानं मात्र बराच वेळ कानाला लावून ठेवला. बाबांची नखं तोच कापायचा, दर रविवारी, आणि दर वेळी बाबा ओरडायचे की हळू, लागतंय. आज ते ओरडत नव्हते.

६

तो तपासणीच्या हॉलमध्ये आला तेव्हा आकडेबाई खुर्ची मागे सरकवून बसली होती, हात मांडीवर.

‘सापडलं,’ ती म्हणाली. ‘घड्याळाची चूकच नव्हती. आम्ही चार-चार तासांची नोंद बघत होतो, आज मुळापासून काढली. डावा कामातच नाही.’

‘आज?’

‘आज कसला? सव्वीस दिवस. सव्वीस दिवसांपूर्वी उजव्यानं सगळं आपल्याकडे घेतलं, तेव्हापासून एकटाच चालवतोय. रविवार होता, इथे कुणीच नव्हतं. सकाळचे दहा चव्वेचाळीस.’

त्यानं कपाटाकडे पाहिलं. ‘मी रोज उपटतोय त्याला. परत घालतोय. हिरवा दिवा लागतोय.’

‘दिवा लागतोय. काम नाही.’ तिनं चष्मा काढून डोळे चोळले. ‘तू रोज जो उपटत होतास, तो आधीच बाहेर होता रे.’

स्पीकरवर त्याचा आवाज सावकाश मोजत होता. अडतीस. एकोणचाळीस.

‘मग नापास करायचं?’ त्यानं विचारलं.

‘नापास कसं? एक फोन तुटला नाही. बाहेर कुणाला कळलं नाही.’ ती जराशी हसली. ‘तुलासुद्धा नाही.’

त्यानं टेबलावरची घराची किल्ली उचलली आणि कोट न घेताच तो निघाला.

७

दुपारचे तीन वाजले होते. जिन्यात उन्हाचा चौकोन पडला होता. त्यानं दार हळूच उघडलं. घर नेहमीसारखं, फक्त जरा जास्त नीटनेटकं. बोळातून पुढे गेला तर आतल्या खोलीचं दार अर्धं लोटलेलं. त्यानं अजून हात लावला नव्हता, पाऊलही वाजलं नव्हतं, तरी फटीतून त्याला दिसलं की आतले दोघंही दाराकडे तोंड करून बसलेत. बाबा खाटेवर. त्यांची पावलं मांडीवर घेऊन खुर्चीत दुसरा.

धाकटाच असणार. दुसरं कोण असणार? शर्ट राखाडी, खांदे पडलेले. चेहऱ्यावर पडद्याची सावली होती. मग पडदा हलला आणि क्षणभर ऊन पडलं. थोरला रोज दाढी करताना आरशात बघायचा तेव्हा भांग डाव्या बाजूला दिसायचा. खुर्चीतल्या माणसाचा उजव्या बाजूला होता, लोकांना समोरून थोरल्याचा दिसत असेल तसा. बाकीचंही तसंच होतं. पडदा परत खाली आला.

‘कोण आहे?’ बाबा म्हणाले.

‘मी, बाबा. थोरला.’

‘थोरला इथे बसलाय.’ बाबांनी मान वळवली. ‘कोण आलंय रे, थोरल्या? तोच फोनवाला का?’

आता बोलायचं. खुर्चीतल्याला दंडाला धरून उठवायचं. बाबांचे हात आपल्या चेहऱ्यावर ठेवायचे, ही माझी हनुवटी, हा माझा कान, ओळखा म्हणायचं. सगळं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण दोघं एका बाजूला होते आणि हा एकटा दारात.

खुर्चीतला माणूस उसासला. थकलेला, थोडासा करवादलेला उसासा. पेपर उरकताना, पाय दाबताना थोरला सोडायचा तो. मग थोरल्याच्या आवाजात तो म्हणाला, ‘बाबा, धाकटा आलाय.’

बाबांचं तोंड उघडं पडलं. मग त्यांचा चेहरा, देवा रे, तो चेहरा! आंधळे डोळे भरून आले, दोन्ही हात पुढे झाले, बोटं हवेत शोधू लागली. ‘धाकट्या? आलास? माझ्या सोन्या, खरंच आलास?’ असा चेहरा थोरल्यानं उभ्या जन्मात पाहिला नव्हता. निदान आपल्याकडे वळलेला तरी नाही.

नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. तो त्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

‘हो बाबा,’ तो म्हणाला. ‘आलो.’

बाबांनी त्याला ओढून छातीशी धरलं, केस कुरवाळले, गाल चाचपले, रडले, हसले. ‘किती वाळलास रे! थोरल्या, बसलायस काय ढिम्म, चहा टाक आधी. अकरा वर्षांनी आलंय पोर.’ खुर्ची सरकली. पावलं ओढत तो माणूस उठला. बाजूनं जाताना त्यानं एकदाच मान वळवून पाहिलं, आणि त्या नजरेत इतका जळफळाट होता की क्षणभर ह्याला हा माणूस एवढा कशानं दुखावलाय, तेच कळेना.

स्वयंपाकघरात पातेलं आपटल्याचा आवाज आला.

ह्याला फार हलकं वाटत होतं. पोटातलं दुखणं कुठल्या कुठे गेलं होतं. बाबांचा हात हातात होता, नखं नीट कापलेली होती. काहीतरी गोड विचारावं म्हणून त्यानं विचारलं, ‘बाबा, चहात साखर किती घेता तुम्ही?’

विचारलं आणि तो थांबला. हे त्याला माहीत असायला हवं होतं, असं काहीतरी वाटलं. त्यानं आठवायचा प्रयत्न केला. अर्धा चमचा? बिनसाखरेचा? आतमध्ये कुठे काही सापडलं नाही.

बाबा खळखळून हसले. ‘अरे वेड्या, अकरा वर्षं लांब राहिलास, तुला कसं ठाऊक असणार? थोरल्याला विचार.’

त्यानं स्वयंपाकघराकडे तोंड केलं.

‘दादा,’ त्यानं हाक मारली, ‘बाबांना साखर किती लागते?’